गोळीला कसं कळतं, कुठे दुखतंय?

हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानासमोर संध्याकाळी सातच्या सुमाराला उभं राहावं. अशोकनगरचे क्लास आणि सिटी सेंट्रल लायब्ररी इथे दिवसभर पुस्तकात डोकं खुपसून बसलेली पोरं ‘तल नोप्पी’ची, म्हणजे डोकेदुखीची गोळी मागतात. मागून एक आजी ‘मोकाळ्ळ नोप्पुलु’ म्हणत गुडघ्यावर हात ठेवते. एखादी मुलगी गर्दी ओसरायची वाट बघून हलक्या आवाजात पाळीच्या दुखण्यावरचं काहीतरी मागते. कुणाची दाढ, कुणाचा ताप. दुकानदार सगळ्यांना वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या देतो, पण नावं बाजूला ठेवली तर आतली औषधं बहुतेक एकाच कुळातली असतात: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक आम्ल, अ‍ॅस्पिरिन.

मग एक प्रश्न उरतो, आणि तो लोक खरंच विचारतात. गोळी जाते पोटात. दुखणं गुडघ्यात आहे की दाढेत, हे तिला कसं कळतं?

तिला काहीच कळत नाही. ती रक्तात मिसळून अंगभर फिरते आणि जिथे जाईल तिथे एकच काम करते: एका जातीच्या रेणूंचं उत्पादन बंद पाडते. हे रेणू शरीर चरबीपासून तयार करतं. दुखणं, ताप, सूज, दमा, बाळंतपणाच्या कळा, रक्ताची गुठळी, जठराचं अस्तर अशा वरवर असंबद्ध गोष्टी या रेणूंनी एका धाग्यात बांधलेल्या आहेत. हे प्रकरण त्यांचं आहे.

१. चरबी बोलते

चरबी म्हटलं की आपल्याला पोटावरची वळी आठवते किंवा कढईतलं तेल. पण शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंतही मुख्यतः स्निग्ध पदार्थांचीच असते. त्यांचा मूळ घटक म्हणजे मेदाम्ल, कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी. भिंतीतल्या या साखळ्यांपैकी एक आपल्या कामाची आहे. तिच्यात २० कार्बन असतात आणि तिचं नाव अ‍ॅराकिडॉनिक आम्ल. अंडी आणि मांसातून ती थेट मिळते. शाकाहारी माणसाचं शरीर ती करडई, सूर्यफूल, शेंगदाणा यांच्या तेलातल्या लिनोलेइक आम्लापासून बनवतं.

एरवी ही साखळी भिंतीत निमूट बसून असते. बोट कापलं, जंतू शिरले, पेशी ताणली गेली की एक एन्झाइम तिला भिंतीतून कापून मोकळं करतं. (एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन.) मोकळ्या झालेल्या साखळीला दुसरी एन्झाइम वळवतात, तिच्यावर ऑक्सिजन चढवतात, आणि काही क्षणांत तयार होतो एक संदेश.

संदेश म्हटल्यावर हार्मोन डोळ्यांसमोर येतं, पण हा प्रकार वेगळा आहे. इन्सुलिन स्वादुपिंडातून निघून दूर पायाच्या स्नायूपर्यंत जातं. चरबीतून निघणारे हे संदेश तसे दूर जात नाहीत. गल्लीत भाजीवाला आला की तिसऱ्या मजल्यावरची बाई दोरीला टोपली बांधून खाली सोडते आणि हाक मारते, तशी ही हाक आहे. गल्लीपुरती ऐकू येते आणि लगेच विरते. पलीकडच्या रस्त्यावर कुणाला पत्ताही लागत नाही. थ्रॉम्बॉक्सेन नावाचा यातला एक रेणू अर्ध्या मिनिटात निम्मा नष्ट होतो. काही रेणू चुकून रक्तात गेलेच, तर फुप्फुसातून एकदा जाताना त्यांतले बहुतेक निकामी होतात.

इतक्या अल्पायुषी गोष्टीचा शोध लागायलाही वेळ लागला. १९३०च्या दशकात न्यूयॉर्क, इंग्लंड आणि स्वीडनमधल्या संशोधकांना दिसलं की वीर्यातल्या कशानेतरी गर्भाशयाचा स्नायू आकुंचन पावतो. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना वाटलं, हा पदार्थ प्रोस्टेट ग्रंथीतून येतो, म्हणून १९३५ मध्ये त्यांनी त्याला प्रोस्टाग्लँडिन म्हटलं. तो मुख्यतः शेजारच्या दुसऱ्याच ग्रंथींतून येतो हे पुढे कळलं, पण तोवर बारसं होऊन गेलं होतं. साधारण त्याच काळात, १९२९ साली, अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना चरबी अजिबात नसलेलं अन्न दिलं. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले. काही मेदाम्लं अन्नातून मिळालीच पाहिजेत, हे त्यातून कळलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे उघड व्हायला १९६४ साल उजाडलं. सुने बर्गस्ट्रॉम यांनी मेंढ्यांच्या ग्रंथी वापरून दाखवलं की प्रोस्टाग्लँडिन त्या २० कार्बनच्या मेदाम्लापासूनच बनतं.

२. एकच रेणू, जागा वेगळी

प्रोस्टाग्लँडिनं अनेक आहेत आणि त्यांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: यातला कुठलाही रेणू स्वभावतः चांगला किंवा वाईट नसतो. हाक कुठे मारली आणि ऐकणाऱ्या पेशीच्या अंगावर ती झेलणारं कोणतं ग्राहक-प्रथिन आहे, यावर परिणाम ठरतो.

प्रोस्टाग्लँडिन ई-२ घ्या. मेंदूच्या तळाशी ते वाढलं की शरीराचं तापमान वर चढतं. आपण म्हणतो ताप आला. जखमेच्या जागी ते वाढलं की तिथल्या मज्जातंतूंना हलका स्पर्शही दुखायला लागतो. जठरात तेच ई-२ आम्लाचा स्राव कमी करतं आणि अस्तरावर बुळबुळीत संरक्षक थर राखतं. मूत्रपिंडात ते रक्तपुरवठा टिकवतं. पाळीच्या वेळी ई-२ आणि त्याचा भाऊबंद एफ-२-अल्फा गर्भाशयाला आवळतात; ज्या मुलींना महिन्याचे दोन दिवस अंथरूण धरावं लागतं त्यांच्यापैकी अनेकींमध्ये या रेणूंचं प्रमाण जास्त सापडतं. दुखणं ‘मनाचं’ असतं, सहन करायला शिक, असं सांगणाऱ्या घरातल्या मोठ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

जागेचं महत्त्व सर्वांत ठळक दिसतं ते नवजात बाळात. आईच्या पोटात असताना बाळाची फुप्फुसं काम करत नसतात, म्हणून हृदयाजवळची एक छोटी वाहिनी रक्ताला फुप्फुसं टाळून पुढे नेते. ही वाहिनी प्रोस्टाग्लँडिन उघडी ठेवतं. जन्मानंतर त्याचं प्रमाण घसरतं आणि वाहिनी मिटते. फार लवकर जन्मलेल्या बाळात ती कधीकधी मिटत नाही. मग डॉक्टर प्रोस्टाग्लँडिन रोखणारं औषध देतात, म्हणजे दुकानातल्या वेदनाशामकांचीच जातकुळी. उलट, हृदयात जन्मजात दोष असलेल्या काही निळ्या पडणाऱ्या बाळांचा जीवच त्या वाहिनीवर अवलंबून असतो. त्यांना शस्त्रक्रिया होईपर्यंत शिरेतून प्रोस्टाग्लँडिन देऊन ती उघडी ठेवतात. एकाच कक्षात शेजारशेजारच्या दोन पाळण्यांत नेमके उलटे उपचार चाललेले असू शकतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कंबर दुखली म्हणून स्वतःच्या मनाने वेदनाशामक घेऊ नये, याचं एक कारण ही वाहिनी आहे. ती पोटातच मिटायला लागू शकते.

३. गोळी नेमकं काय करते

अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. ते काम कसं करतं हे मात्र पुढची ७२ वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. १९७१ मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांनी दाखवलं की ते प्रोस्टाग्लँडिनचं उत्पादनच थांबवतं. हे उत्पादन करणाऱ्या एन्झाइमचं नाव सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात कॉक्स. व्हेन, बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युअलसन यांना या शोधांसाठी १९८२ चं नोबेल मिळालं.

आता गोळी घेतल्यावर पोटात आग का पडते हे सांगायला नको. गुडघ्यातली हाक बंद झाली तशी जठरातलीही झाली. संरक्षक थर विरळ झाला, आम्ल वाढलं. ‘पोट सांभाळणारी’ दुसरी गोळी सोबत मिळते ती यासाठी. मूत्रपिंडाचं नुकसान मात्र कुठल्याही पोटाच्या गोळीने टळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक या तिन्ही एकत्र घेणारी वयस्क व्यक्ती मे महिन्याच्या हैदराबादी उन्हात पुरेसं पाणी प्यायली नाही, तर मूत्रपिंडं अचानक बंद पडू शकतात. पॅरासिटामॉल या कुळापासून जरा बाजूला आहे. त्याचा परिणाम मुख्यतः मेंदूत होतो, म्हणून ते जठराला सोसतं. सुजेवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

हृदयरोग्यांना रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन का देतात, हे एका छोट्या हिशेबाने समजतं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन बनवून एकमेकींना चिकटायला बोलावतात. रक्तवाहिनीचं अस्तर प्रोस्टासायक्लिन बनवून त्यांना लांब राहायला सांगतं. दोन्ही कॉक्समधूनच तयार होतात. अ‍ॅस्पिरिन कॉक्सला कायमचं निकामी करतं. आयब्युप्रोफेन फक्त काही तास अडवतं. अस्तराच्या पेशीत केंद्रक असतं, ती नवं कॉक्स बनवून घेते. प्लेटलेटला केंद्रक नाही, ती बनवू शकत नाही; तिच्या उरलेल्या आयुष्यात तिची हाक बंदच. प्लेटलेटचं आयुष्य सुमारे १० दिवसांचं, म्हणजे रोज साधारण दहावा हिस्सा नव्याने भरती होतो. आज अ‍ॅस्पिरिन थांबवलं तर पाच दिवसांनी निम्म्या प्लेटलेट ताज्या असतील. शस्त्रक्रियेआधी सर्जन काही दिवस अ‍ॅस्पिरिन बंद करायला सांगतात तेव्हा हाच हिशेब असतो. स्टेंट बसवलेल्याने मात्र तो स्वतःच्या मनाने करू नये.

पावसाळ्यात हैदराबादेत डेंग्यूची साथ आली की हा मुद्दा जिवावरचा होतो. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात. अशा तापात अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतलं तर उरलेल्याही नीट काम करत नाहीत. ताप कशाचा हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

४. हुशार गोळीची गोष्ट

१९९० च्या सुमाराला कळलं की कॉक्स दोन आहेत. कॉक्स-१ जठर, प्लेटलेट वगैरे ठिकाणी रोजचं काम बघतं. कॉक्स-२ बऱ्याच जागी सूज आली की जागं होतं. मग फक्त कॉक्स-२ अडवलं तर? दुखणं जाईल, जठर वाचेल. कल्पना सुंदर होती. १९९९ मध्ये रोफेकॉक्सिब आलं आणि धडाक्यात खपलं. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण ते घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले. भारतातही त्यावर बंदी आली. असं झालं कारण अस्तरातलं प्रोस्टासायक्लिन बरंचसं कॉक्स-२ मधून येतं आणि प्लेटलेटचं थ्रॉम्बॉक्सेन कॉक्स-१ मधून. ‘लांब राहा’ म्हणणारा गप्प झाला, ‘चिकटा’ म्हणणारा बोलतच राहिला.

या विषयात हैदराबादचाही हात आहे. गच्चीबावलीच्या हैदराबाद विद्यापीठात पी. रेड्डण्णा यांच्या गटाने २००० साली दाखवलं की स्पिरुलिना या शेवाळातलं निळं रंगद्रव्य कॉक्स-२ ला निवडकपणे अडवतं. अर्थात ते परीक्षानळीतलं काम. त्यावरून स्पिरुलिनाची गोळी गुडघ्याला लागू पडते असं ठरत नाही. रेड्डण्णांनी त्याआधी बटाट्यातून एक एन्झाइम शुद्ध करून काढायची रीत सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केली होती. माणसाच्या शरीरात दमा भडकवणाऱ्या एन्झाइमशी (त्याची गोष्ट पुढे येते) ते इतकं मिळतंजुळतं आहे की नवी औषधं पारखायला ते वापरता येतं. बटाट्याला हे कशाला लागतं? वनस्पतीही मेदाम्लांतून संदेश बनवतात. कीड लागली की पानात जास्मोनिक आम्ल तयार होतं आणि झाड बचावाची रसायनं बनवू लागतं. त्याच घराण्यातला एक रेणू १९६२ मध्ये चमेलीच्या तेलातून वेगळा काढला गेला. चमेलीच्या सुगंधात त्याचाही वाटा आहे.

५. दमा आणि मृगाचा मासा

अ‍ॅराकिडॉनिक आम्ल नेहमी कॉक्सच्याच हाती पडतं असं नाही. दुसरं एक एन्झाइम, लायपॉक्सिजनेज, त्यापासून ल्युकोट्राइन बनवतं. सॅम्युअलसन यांनी हा रेणू १९७९ मध्ये ओळखला. श्वासनलिका आवळण्यात तो अ‍ॅलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामिनपेक्षा शेकडो पटींनी ताकदवान आहे. शिवाय नलिकेला सूज आणतो आणि चिकट कफ वाढवतो. दम्याच्या रोग्याच्या छातीतली शिट्टी बऱ्याच अंशी याची करामत असते. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यावर तासाभरात जोराचा झटका येतो. कॉक्स अडवल्यावर त्यांच्यात ल्युकोट्राइनचं उत्पादन उसळतं. दमा असेल तर वेदनाशामक मागताना ते सांगायलाच हवं.

जून लागला, मृग नक्षत्र आलं, की चिक्कडपल्लीहून फार लांब नसलेल्या नामपल्लीच्या एक्झिबिशन मैदानावर रांगा लागतात. महाराष्ट्रातूनही माणसं येतात. बत्तिनी गौड कुटुंब जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळ्या औषधाची गोळी भरून तो बोटभर मासा रोग्याच्या घशात सोडतं. शाकाहाऱ्यांना गुळातून देतात. १८४५ पासून ही परंपरा चालत आली आहे, असं कुटुंब सांगतं. पूर्वी हे जुन्या शहरात दूधबावलीच्या घरी होई. औषधात काय आहे ते गुप्त. पैसे घेत नाहीत, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. विज्ञानवादी संघटनांनी आक्षेप घेतले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि आता याला औषध नव्हे, प्रसाद म्हणतात. सरकार बंदोबस्त ठेवतं आणि मासे पुरवतं.

यातून दमा बरा होतो का? तसं दाखवणारी रीतसर चाचणी झालेली नाही. माशाच्या तेलाने दमा आटोक्यात येतो असं कुणी सुचवतं, पण दोन इंचांच्या एका पिल्लात, वर्षातून एकदा, ते तेल असून असून किती असणार? मग इतके लोक बरं वाटलं असं का सांगतात? दमा स्वतःच चढउताराचा आजार आहे. माणूस वाईट दिवसांत उपाय शोधत येतो आणि त्यानंतरचे दिवस आपसूकही बरे जातात. श्रद्धेने रांगेत उभं राहणाऱ्याची टिंगल करण्यात मला रस नाही. माझा आक्षेप एका ठिकाणी आहे: मासा गिळला म्हणून इनहेलर फेकून देणं. इनहेलरमधलं स्टेरॉइड श्वासनलिकेतली सूज मुळातून आवरतं, आणि ते अचानक बंद केल्याने माणसं दगावतात.

ल्युकोट्राइनची हाक ऐकूच येऊ नये असं करणारी गोळीही आहे, मॉन्टेलुकास्ट. दम्यात ती दुय्यम औषध म्हणून उपयोगी पडते. आपल्याकडे मात्र प्रत्येक सर्दीला ती चिठ्ठीवर असते. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर मनःस्थिती बिघडण्याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मुलाला ही गोळी चालू झाल्यावर तो चिडचिडा झाला, रात्री दचकून उठू लागला, तर डॉक्टरांना विचारा.

६. एरंडेलाचा पत्ता

एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करणं म्हणजे काय, हे आधीच्या पिढीला समजावून सांगावं लागत नसे. सुट्टीत सकाळी सकाळी कोऱ्या चहातून एरंडेल पाजणारी आजी हे मराठी घराघरातलं दहशतीचं प्रकरण होतं. तेलुगू घरात त्यालाच आमुदम म्हणतात. तेलंगणात नलगोंडा, महबूबनगरच्या कोरडवाहू रानात एरंड पिकतो, आणि राजेंद्रनगरच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेत त्याच्या जातींवर काम चालतं.

एरंडेलाने पोट साफ होतं हे हजारो वर्षं माहीत आहे. का होतं, याचं ठोस उत्तर २०१२ मध्ये मिळालं. या तेलात सुमारे ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की हे मेदाम्ल प्रोस्टाग्लँडिन ई-२ साठीच्या एका ग्राहक-प्रथिनावर जाऊन बसतं. शरीराने प्रोस्टाग्लँडिन बनवायची वाटच बघायला नको. एरंडाचं बी बाहेरूनच तशी हाक मारतं आणि आतडं आकुंचन पावतं. ते एक प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांवर एरंडेलाचा काहीच परिणाम झाला नाही. गर्भाशयावरही तेच प्रथिन असतं. ‘दिवस भरले, कळा येत नाहीत, थोडं एरंडेल द्या’ हा जुना सल्ला निराधार नव्हता तो यामुळे, आणि धोक्याचाही यामुळेच. किती द्यावं, कळा किती जोराच्या येतील, याचा अंदाज घरी येत नाही. दवाखान्यात त्यासाठी मोजून दिलेलं प्रोस्टाग्लँडिन मिळतं. बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव थांबवायलाही याच कुळातली औषधं वापरतात.

७. सूज ओसरते कशी

हाका थांबल्या की सूज आपोआप विझते, असं बराच काळ मानलं जाई. सॅम्युअलसन यांच्या प्रयोगशाळेत १९८४ मध्ये चार्ल्स सेर्हान यांना लायपॉक्सिन सापडलं आणि हे चित्र बदललं. पुढे बोस्टनमध्ये त्यांनी रिझॉल्व्हिन नावाचे रेणूही शोधले. पांढऱ्या पेशींची नवी भरती थांबवा, मेलेल्या उचलून न्या, जखम भरू द्या, असं सांगणारे हे संदेश आहेत. म्हणजे सूज संपवणं हेही एक काम आहे, आणि त्यासाठीही मेदाम्लंच लागतात. गंमत म्हणजे अ‍ॅस्पिरिनने बदललेलं कॉक्स-२ अगदीच गप्प होत नाही. ते लायपॉक्सिनसारखा एक रेणू बनवायला मदत करतं. आयब्युप्रोफेनच्या बाबतीत असं घडत नाही.

रिझॉल्व्हिन बनतात ओमेगा-३ मेदाम्लांपासून. ती मुबलक मिळतात समुद्रातल्या तेलकट माशांत, म्हणजे बांगडा, तारली यांत. शाकाहारी ताटात त्यांचा पूर्वज सापडतो जवसात. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. करडई-सूर्यफुलात ते जवळजवळ नसतंच. सोलापूर-मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन राहिलेल्या घरांत जवसाची चटणी अजून होते, आणि बाजारात ‘अविसे गिंजलु’ म्हणून मागितलं की जवस मिळतं. मात्र शरीर त्यातलं थोडंसंच, काही टक्केच, माशातल्या प्रकारात बदलू शकतं.

तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत गफूरुन्निसा यांनी भारतीय आहारातल्या तेलांवर अनेक वर्षं काम केलं. आपल्या जेवणात लिनोलेइक आम्लाच्या जातीची मेदाम्लं फार आणि ओमेगा-३ जातीची फार कमी असतात, हा त्यांचा मुद्दा होता. एकच तेल वर्षानुवर्षं वापरू नका, आलटूनपालटून किंवा मिसळून वापरा, हा संस्थेचा सल्ला आहे. याचा अर्थ सूर्यफुलाचं तेल सूज आणतं असा नाही. तसं मोबाइलवर फिरतं, पण माणसांवरच्या चाचण्यांत ते दिसलेलं नाही.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २५,८७१ माणसांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज एक ग्रॅमची कॅप्सूल घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून लक्षणीय कमी झाले नाहीत; हे निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेल्यांना डॉक्टर मोठ्या मात्रेत हे औषध देतात, ती गोष्ट वेगळी. धडधाकट माणसाने ‘अंगातली सूज काढायला’ म्हणून ही कॅप्सूल विकत घेण्याचं कारण नाही. ते पैसे बांगड्यावर किंवा जवसावर खर्च करावेत.